हिरव्या लुगड्याची पाखरं

प्रिय आत्या,

तलावाच्या बांधावर, आपल्या बाभळीखाली बसलो आहे. मांडीवर वही, वहीवर कोरा कागद. खरं सांगू? हा कागद तुझ्यासाठी आणलाच नव्हता. वाशीमच्या होस्टेलच्या रेक्टरसाहेबांना माफीचं पत्र लिहायचं होतं. हो हो, तेच पत्र, जे सव्वा वर्षापूर्वी लिहिलं नाही म्हणून मी वळकटी डोक्यावर घेऊन घरी आलो होतो! ‘आदरणीय साहेब’ एवढं लिहिलं आणि पेन अडलं. मग कळलं, साहेबांच्या आधी तू उभी आहेस. तुझी माफी मागितल्याशिवाय दुसऱ्याची मागायला हात उचलत नाही.

तुला वाचता येत नव्हतं. पण येणारं प्रत्येक पत्र तू माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचीस, आणि मधेच म्हणायचीस, “हळू वाच, गाडी सुटून राह्यली का तुयी?” तेव्हा आज लिहितो हळू, आणि लिहून झालं की वाचीनही हळू. ऐकशील ना?

पळस फुलला आहे. पाणी पार त्या पलीकडच्या काठाला गेलं आहे आणि मधल्या गाळावर सगळ्यांचे पट्टे हिरव्या चिंध्या वाळत घातल्यासारखे दिसतात. उन्हात डोळे अर्धे मिटले की मला वाटतं, हा तलाव नाहीच. कोणीतरी मोठं झोपलं आहे आणि त्याच्या पोटावर आपण भाजी लावली आहे. श्वास घेतला की पट्टे वर-खाली होतात. हसू नको. तू हसायचीसच अशा बोलण्याला. “पुस्तकं वाचून वाचून पोट्टं उन्हातई सपन पाह्यते!”

“हा तलाव म्याच बांधला,” असं तू सांगायचीस. दुष्काळात कामावर टोपल्या वाहिल्यास ना, म्हणून! पुढं पाऊस झाला, पाणी साठलं. हिवाळ्यात पाणी मागं हटलं की उघडा पडणारा गाळ पंचायतीनं बिनजमिनीच्या घरांना द्यायचं ठरवलं. खुंट्या ठोकून पट्टे पाडले, चिठ्ठ्या टाकल्या. गाळपेर. तुझी चिठ्ठी निघाली त्या दिवशी तू घरी आलीस ती मुठीत गाळ घेऊनच. “धम्माची दीक्षा घेतली तवा मान भेटला. आज माती भेटली. चार महिन्याची असंना, पन माया नावाची हाय!” बाकीचे आठ महिने ती पाण्याखाली जाणार, याचं तुला काहीच वाईट वाटत नव्हतं. म्हणायचीस, जमीनपण झोपली पाहिजे.

आईबाप गेल्यावर तूच मला वाढवलंस. नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून परत पाठवलेली तू, आणि दोन वर्षांचा मी. आपलं घर म्हणजे एवढंच. त्या घरातून मी वाशीमच्या कॉलेजात गेलो तेव्हा तू सगळ्या आळीत गूळ वाटलास. आणि दुसऱ्या वर्षाच्या अर्ध्यातच मी परत! काय झालं होतं, ते तुला मी तेव्हा धड सांगितलंच नाही. आता सांगतो. शेजारच्या पट्ट्यावरच्या प्रमिलाचं पत्र आलं होतं. साधं पत्र, त्यात तिच्या आईच्या गुडघ्याचं दुखणं आणि जऊळक्याच्या फलाटावर फुललेला गुलमोहर, बस. ते माझ्या उशीखालून काढून एका पोरानं मेसमध्ये सगळ्यांसमोर बाईचा आवाज काढून वाचलं. मी हातातली थाळी त्याच्या कपाळात घातली. तीन टाके पडले. साहेब म्हणाले, माफीचं लिहून दे, प्रकरण मिटवतो. मी म्हणालो, मेलो तरी लिहिणार नाही!

तू ऐकलंस आणि एवढंच म्हणालीस, “माफीचे चार शब्द लिवता नाई आले? मंग दोन वर्स लिवाले काय शिकला रे तू?”

मी रागानं जेवलो नाही. तू माझं ताट झाकून ठेवलंस, सकाळी माझ्या हातात गोफण दिलीस आणि पट्ट्यावर घेऊन आलीस. “लिवता येत नाई तं पाखरं राख.”

किती सोपं वाटलं होतं ते काम! वाफ्यात वांग्याची रोपं नुकतीच लावलेली, बोटाएवढी. पलीकडे मेथी आणि सांबार, पुस्तकातली कोथिंबीर, उगवून वर आलेलं. मला वाटलं, पाखरं येतील, मी ओरडेन, पाखरं जातील. पण साळुंकीची जात काय असते, ते मला त्या वर्षी कळलं. ती रोप खात नाही! ओल्या मातीत किडा शोधते आणि मधे येणारं रोप उपटून बाजूला ठेवते, घरातली बाई केर काढताना खाट सरकवते तशी. चिमण्या मेथीची दोनच पानं खुडतात, पण नेमकी तीच दोन, जी नुकती आलेली असतात. आणि होले तर तोंडावर इतका भोळा भाव ठेवून सांबार टिपतात की दगड उचललेला हात आपोआप खाली येतो.

तू त्यांच्याशी दिवसभर भांडायचीस. “ए साळू, तुया मायची चिठ्ठी निघाली का इथं? चाल, हट!” लांब टांगा टाकत पट्ट्यांमधून फिरणाऱ्या बगळ्याला तू तलाठी म्हणायचीस. “आला तलाठी मोजाले. मोज बाप्पा, मोज. तुया नावावर काई निघत नाई.” आणि गोफणीत तू दगड कधी घातला नाहीस. वाळलेल्या गाळाचं ढेकूळ घालायचीस. ते हवेतच फुटायचं, फट्ट आवाज व्हायचा, धूळ उडायची, पाखरं उठायची आणि बाभळीवर जाऊन बसायची. मला ते फार लुटुपुटीचं वाटायचं. मी म्हणायचो, “आत्या, हे भेत नाई तुले.” तू म्हणायचीस, “भ्याव लागते असं कोन सांगतलं तुले?”

या वाक्याचा अर्थ मला कळायला तुला जावं लागलं. असं का असतं गं?

आणि मी तरी कुठं राखण करत होतो! माझं सगळं लक्ष शेजारच्या पट्ट्याकडे. तो पट्टा प्रमिलाच्या आईचा, तिनंही तुझ्यासारख्याच टोपल्या वाहिलेल्या. गुडघे धरल्यापासून प्रमिलाच यायची. तिचे वडील, किसनकाका, रेल्वेत गँगमन, त्यांची खोली जऊळका स्टेशनाच्या मागं. सकाळची गाडी शिट्टी देऊन गेली की थोड्या वेळानं धुक्यातून ती येताना दिसायची. आधी डोक्यावरची घागर, मग ती. मला वाटायचं, धुकं तिला रोज नव्यानं घडवतं आणि पट्ट्यावर आणून ठेवतं. मी तिच्याकडं बघायचो आणि माझ्या मागं साळुंक्या निवांत वांगी उपटायच्या! तू लांबून ओरडायचीस, “गोतम्या, त्या पोट्टीले कोनी उचलून नेत नाई. रोपाकडं पाह्य!”

पण तिला कोणी उचलून नेणार होतं, आत्या. अकोल्याचं स्थळ आलं होतं, नोकरीवाला मुलगा. एके दिवशी मी जऊळक्याला तिच्या खोलीच्या वळणावर उभा होतो तेव्हा ती स्वतःच सांगून गेली. मी रुळाच्या कडेला किती वेळ बसलो आणि नुसता खिशात गिट्टी भरत राहिलो. रुळाखाली घालतात ती काळी, धारेची गिट्टी. कशासाठी भरली, मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पहिली साळुंकी वाफ्यात उतरली तेव्हा कळलं.

गोफणीतून गिट्टी सुटली आणि साळुंकी मेथीत पडली. एकदाच पंख उघडला आणि मिटला. तिचा जोडीदार बाभळीवरून ओरडायला लागला, तो मी निघेपर्यंत थांबला नाही. तू धावत आलीस. पाखरू पदरात घेतलंस, त्याच्या पिवळ्या डोळ्यावरची माती बोटानं पुसलीस. मग माझ्या पायापाशी पडलेली दुसरी गिट्टी उचलून पाहिलीस. “रुळाखालचा दगड? पाखराच्या अंगावर?” तुझा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. “राखन कर म्हनलं होतं, गोतम. मारून टाक नाई म्हनलं.”

आणि मी काय म्हणालो!

मी म्हणालो, “तुले सोताचं लेकरू नाई. कोनाचं काय जाते ते तुले काय समजते!”

शिवी दिली असतीस, ते खुरपं फेकून मारलं असतंस, तर मी थांबलो असतो गं! तू खुरप्यानं बांधाशी हातभर खड्डा केलास, पाखरू ठेवलंस, माती सारलीस. मग मेथीला पाणी द्यायला वळलीस, जणू मी तिथं नव्हतोच. त्याच दुपारी एस.टी. धरून मी कारंज्याला गेलो. तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये गठाणी उचलायचं काम मिळालं. कापसाच्या धुरळ्यात दिवसभर सगळं पांढरं दिसायचं, आणि त्या पांढऱ्यातून मला आपला तलाव दिसायचा, धुक्यासकट. रोज ठरवायचो, उद्या जातो. रोज वाटायचं, आत्या बोलावील. एक निरोप पाठवील. तूही पाठवला नाहीस! हट्टी मी एकटाच नव्हतो आपल्या घरात, हे तरी मान.

बाराव्या दिवशी किसनकाकांचा निरोप आला, एका कंडक्टरच्या तोंडी. तुला ताप भरला, चार दिवसांत उतरलाच नाही, तू गेलीस. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. ओटीवर तुझ्या चपला होत्या, एकीवर वाळलेला गाळ तसाच. बांधाला लागून ज्यांचं शेत, ते गणपतबुवा तू गेल्याच्या दहाव्या दिवशी भेटले. मायेनंच विचारलं त्यांनी, “कावळा शिवला का रे बाईसाठी?” मी त्यांच्यावर भडकलो. “आमच्यात पिंड नसते, कावळाई नसते. वंदना झाली. संपलं.” बुवा निघून गेले. तू असतीस तर खूश झाली असतीस की मला रागे भरली असतीस? मला वाटतं दोन्ही, आणि मग बुवांच्या घरी भाजीची जुडी पाठवली असतीस.

त्या वर्षीची तुझी उरलेली भाजी प्रमिलानं काढली. अकोल्याच्या लोकांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं म्हणून ते लग्न लांबलं होतं, मोडलं नव्हतं. यंदा पौषात पाणी उतरलं, चिठ्ठ्या निघाल्या. पंचायतीनं तुझा पट्टा माझ्या नावानं दिला. त्याच आठवड्यात मी छाती करून किसनकाकांच्या दारात उभा राहिलो आणि प्रमिलाची गोष्ट काढली. काका रुळावरून नुकतेच आलेले, हातपाय धूत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, “कॉलेज अर्ध्यात सोडलं. कारंज्याचं काम अर्ध्यात सोडलं. आत्याले अर्ध्यात सोडलं. माह्या पोरीले कुठंलोक नेशील?”

मी उंबऱ्यावरचा पाय मागं घेतला.

मग टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, “एक गोष्ट शेवटपर्यंत ने. आत्याच्या पट्ट्यातल्या वांग्याचा पहिला तोडा माह्या घरी आन. मंग बोलू. तोवर अकोल्यावाल्याईले मी हो म्हनत नाई, नाईई म्हनत नाई.”

आत्या, दोनशे रोपं लावली मी. तिसऱ्या सकाळी एकशे साठ उरली होती. पाचव्या सकाळी एकशेवीस! उपटलेली रोपं वाफ्याच्या कडेला नीट आडवी ठेवलेली, उन्हात मान टाकलेली. मी पत्र्याचा डबा बडवला. वाफ्यांवर बोरीच्या काट्या पसरल्या, तर चिमण्या काट्यांच्या आत शिरून आरामात जेवल्या आणि मी काट्या काढताना माझेच हात फाडून घेतले. तुझी गोफण खुंटीवरून काढून आणली. ढेकूळ घातलं, हात वर नेला आणि हात वरच राहिला. फिरलाच नाही. पलीकडून प्रमिला बघत होती. मला तिचं बघणं सोसेना.

मग मी ते केलं. तुझ्या पेटीतून तुझं हिरवं लुगडं काढलं, लाल काठाचं, पट्ट्यावर तू नेहमी नेसायचीस ते. दोन तुराट्या आडव्या-उभ्या बांधल्या, वर मडकं पालथं घातलं आणि लुगडं नेसवलं. मनात म्हटलं, दिवसभर आत्या यांच्यावर ओरडायची. आत्याला पाहिलं तर दचकतील! बुजगावणं वाफ्यांच्या बरोबर मधे उभं केलं आणि दिवस कलला तसा घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच सूर्याच्या आधी आलो. धुकं होतं. बांधावर चढलो आणि पाय तिथंच थांबले. तू उभी होतीस. हात पसरून, किंचित वाकून, अगदी तशी. लुगड्याचा पदर हलत होता. मला माहीत होतं, त्या तुराट्या आहेत, मीच सुतळीनं बांधल्या आहेत, तरी तोंडातून निघालंच, “आत्या!”

आणि पाखरं आली.

बाभळीवरून एकामागून एक उतरली. दोन साळुंक्या तुझ्या हातावर बसल्या. एक मडक्यावर. होले खाली पदराच्या टोकापाशी गोळा झाले, चिमण्यांचा तर सडाच पडला. कोणी रोपाला चोच लावली नाही. सगळी नुसती बसून राहिली, मान वाकडी करून तुझ्याकडं बघत. पंगतीत वाढप्याची वाट बघावी तशी! मी स्वप्नात आहे की काय, म्हणून स्वतःला चिमटा घेतला नाही, कारण असेन तर उठायचं नव्हतं.

मागून गणपतबुवांचा आवाज आला. ते शेतात निघालेले, हातात लोटा. त्यांनी लोटा खाली ठेवला आणि हात जोडले. “आली रे बाई. तू नाई म्हनत होता. पाह्य, आली.”

या वेळी मला राग आला नाही, आत्या. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर तसंच वाटलं. इतके दिवस मी जे नाही नाही म्हणत होतो, ते असावं असं वाटलं. तू कुठूनतरी बघते आहेस, मी काय बोललो ते विसरली आहेस, असं वाटलं.

पण पाखरांचा धीर सुटला. एक साळुंकी उडाली, वाफ्यात उतरली आणि तिनं वांग्याचं रोप उपटलं. मागोमाग बाकीच्या. मी ओरडत धावलो. तेवढ्यात प्रमिला आली. डोक्यावर घागर तशीच.

“काहून ओरडून राह्यला? उपाशी हाय थे. आत्याबाईची वाट पाहून राह्यले.”

“म्हंजे?”

“म्हंजे काय! पानी भराले मी आंधीच येऊन जात होती, तवा पाहत होती. आत्याबाई रोज दिवस निघाच्या आंधी येत. त्या बाभळीखाली ज्वारीच्या कण्या टाकत, परळात पानी भरून ठेवत. पाखरं पोटभर खात, पानी पेत. मंग वाफ्यात येतीनच कायले? आलं एखांदं तं भांडाले आत्याबाई होत्याच.” तिनं घागर उतरवली. मग हसली, आत्या, सबंध वर्षात पहिल्यांदा. “तुले कसं ठाऊक असंन? तू दिवस निघाल्यावर येत होता. अन् आल्यावरई इकडंच पाहत होता.”

बुवांनी लोटा उचलला. मी त्यांना म्हणालो, “बुवा, बाई नाही आली. भूक आली.” बुवा म्हणाले, “बाईनंच लावली ना थे भूक? मंग कोन आलं?” आणि आपल्या वाटेनं गेले. याचं उत्तर तू असतीस तर दिलं असतंस, एका वाक्यात, त्यांचं नि माझं दोघांचं तोंड बंद करणारं.

परळ बाभळीच्या मुळाशीच होतं, गाळात अर्धं रुतलेलं. काढलं, घासलं. शेजारी हातभर मातीचा उंचवटा होता, त्याच्यावर गवत उगवलेलं. ती जागा मी ओळखली. तू त्या साळुंकीला नेमकं तिथंच ठेवलं होतंस, जिथं तिच्या सोबतीच्या रोज जेवायला यायच्या.

तू मला का नाही सांगितलंस गं? मी गोफण फिरवत होतो, तू मला शूर होऊ देत होतीस आणि खरी राखण माझ्या उठण्याआधीच संपलेली असायची! एकदा हाताला धरून बांधावर आणायचं होतंस. म्हणायचं होतंस, “गोतम्या, भुकेल्याले भेवाडून भागत नाई.” मी ऐकलं नसतं म्हणतेस? नसतंच ऐकलं. पण तरी सांगायचं होतंस.

त्या दिवसापासून मीही दिवस निघायच्या आधी येतो. बुजगावणं मधून उचललं आणि बाभळीखाली नेऊन उभं केलं. पायाशी कण्या, शेजारी पाणी. पाखरं तुझ्याकडं येतात, माझ्या वाफ्यांकडं नाही. साळुंक्या तुझ्या खांद्यावर बसून पंख झाडतात. तरी काही रोपं गेलीच, ती जाणारच होती. पण शंभर उभी राहिली. मेलेल्यांच्या जागी प्रमिलानं तिच्या वाफ्यातली दहा आणून दिली. “उसनी नाई,” म्हणाली, “पाहुनी हाय.”

दुपारी काम नसतं तेव्हा मी इथंच आडवा होतो. झोप आणि जाग यांच्यामधल्या अरुंद बांधावर पाय टाकत चालतो. तेव्हा तलाव भरलेला असतो. पट्टे पाण्याखाली आहेत, वांग्याची जांभळी फुलं पाण्याखाली डोलतात आणि तू हिरव्या लुगड्यात तळाशी चालते आहेस, ओटीत कण्या घेऊन. तुझ्याभोवती साळुंक्या माशांसारख्या फिरतात. त्यांच्यात ती गिट्टी लागलेलीही असते. तू वर बघतेस. मला रोज तेव्हाच बोलायचं असतं, आणि रोज तेव्हाच जऊळक्याची गाडी शिट्टी देते.

काल पहिला तोडा झाला! टोपलीभर वांगी, काटेरी देठाची, अजून दवानं ओली. डोक्यावर घेऊन जऊळक्याला गेलो. काका खाटेवर बसले होते. एकेक वांगं उचलून उलटसुलट बघायला लागले, रुळाचा खिळा बघावा तसे. एक हातात धरून थांबले. त्यावर चोचीचे दोन घाव होते.

“हे चोचलेलं कायले आनलं?”

“पट्ट्यात जे झालं ते सगळं आनलं, काका. निवडून नाई आनलं.”

काका गालात हसले. “पार्बताबाईचा भाचा शोभला खरा.” ते वांगं त्यांनी आपल्या बाजूला ठेवलं. “एक गोष्ट शेवटपर्यंत नेली तू. अकोल्याले मी आज नाई म्हनून कळवतो. पन दुसरी गोष्ट राह्यली.”

“कोनती?”

“वाशीमची. सायबाले चार ओळी लिव. परत घेतीन, न घेतीन, त्याईची मर्जी. तू लिव. गड्या, वांगं पिकवनं सोपं हाय. ‘माहं चुकलं’ म्हननं लय कठीन.”

आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो एकदम थांबला. माझ्या कानशिलावर रक्त चढलं, जुन्या सवयीनं. त्या पोराचं हसणं आठवलं, मेस आठवली. मी ‘कधीच नाही’ म्हणणार होतो, आत्या, शब्द दातापाशी आला होता. आणि मला ते पाखरू दिसलं. पंख उघडून मिटलेलं. मी म्हणालो, “लिवतो.” आत भांडी पुन्हा वाजायला लागली.

म्हणून आज हा कागद. आणि म्हणून आधी तू.

मी त्या साळुंकीला मारलं, ते चुकलं. पण त्याहून मोठा दगड मी तुला मारला, आणि तो ढेकळाचा नव्हता, हवेत फुटला नाही. तुला लेकरू नव्हतं? मग मी कोण होतो? कोणासाठी ताट झाकून ठेवत होतीस? पहाटे इतक्या पाखरांना जेवू घालून, येऊन मला उठवत होतीस, तेव्हा मी तुझ्या पंगतीतलं शेवटचं पाखरू नव्हतो का?

आत्या, माझं फार चुकलं.

बघ, मोजून चार शब्द झाले.

आता तुला वचन देतो, गिट्टीवर हात ठेवून नाही, या गाळावर ठेवून. साहेबांनी परत घेतलं तर मी वाशीमला जाईन, आणि या वेळी वळकटी अर्ध्यात उचलणार नाही. माझ्या माघारी पहाटेच्या कण्या प्रमिला टाकील. तिनं ते आपणहून अंगावर घेतलं आहे. मृगाच्या आधी तुझं लुगडं मी स्वतः उतरवीन, धुऊन घडी करीन, आणि पाणी हटून गाळ उघडा पडला की पहिल्या दिवशी तुलाच नेसवीन. परळ कोरडं पडणार नाही. माझ्या हातून आता फुटलं तर ढेकूळच फुटेल.

हे सगळं आता उभं राहून मोठ्यानं वाचतो, हळू, तुला हवं तसं. बाभळीवर सहा-सात जण बसले आहेत, तेही ऐकतील. मग पान उलटतो. ‘आदरणीय साहेब’ तिथं वाट बघत आहे.

तुझंच लेकरू,
गोतम्या